डिस्चार्ज कार्डावर सिस्टरचं नाव नाही

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

१२ मेला परिचारिका दिन झाला, दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरात फोटो आले होते, हातात मेणबत्ती घेऊन शपथ घेणाऱ्या सिस्टर लोकांचे. मी चष्मा लावून एकेक चेहरा बघत बसलो, आमची सिस्टर त्यात दिसते का म्हणून. नव्हती. बहुतेक ड्युटीवर असेल नाहीतर नाईट करून घरी झोपली असेल. जानेवारीपासून हे पत्र लिहू लिहू म्हणत होतो, ते आज लिहितोय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या पण कृपा करून छापा.

काल रात्री आईची फाईल काढली होती, मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवायची होती म्हणून. १९ दिवसांचं डिस्चार्ज कार्ड आहे, त्यावर चार डॉक्टरांची नावं डिग्रीसकट, फिजिशियन, छातीचे डॉक्टर, भूल देणारे, किडनीचे. चौघांचेही उपकार आहेत आमच्यावर, ते मी त्यांना तोंडावर सांगितलंय. मग बिल बघितलं, त्यात रोजचा एक आकडा, नर्सिंग चार्जेस. एवढंच. जिनं तेरा दिवस माझ्या आईला धरून ठेवलं तिची एवढीच नोंद, तीपण आकड्यात.

काय झालं ते सांगतो. आई ६७ वर्षांची, शुगर जुनी. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेच्या आधी ताप आणि खोकला सुरू झाला, थंडीचं असेल म्हणून आम्ही काढा, वाफ, मेडिकलमधून गोळ्या असं करत तीन दिवस घालवले, ही चूक आमचीच, दुसऱ्या कुणाची नाही, आणि ज्यांच्या घरी शुगरचं माणूस आहे त्यांनी असं करू नका एवढं हात जोडून सांगतो. १० तारखेला रात्री तिचे ओठ निळसर दिसायला लागले. शेजाऱ्यांकडं कोरोनातलं ऑक्सिमीटर होतं, त्यावर ७८ आलं. जुळे सोलापुरातून रिक्षानं हॉस्पिटल गाठेपर्यंत ती माझ्या खांद्यावर मान टाकून होती. एक्सरेत दोन्ही फुफ्फुसं पांढरी, न्यूमोनिया, इन्फेक्शन रक्तात पसरलंय, बीपी लागत नाही, व्हेंटिलेटर लावावा लागेल, इथं सही करा. हे सगळं अर्ध्या तासात.

तेवढ्यात आतून निरोप आला की अंगावरचं काढून घ्या. मंगळसूत्र निघालं, जोडवी निघाली. बांगड्या निघेनात. हात सुजलेले होते आणि आई हिरव्या काचेच्या सहा-सहा घालते, पहिल्यापासून, घट्ट. मनगटातल्या रक्तवाहिनीत सुई घालायची होती बीपीसाठी, म्हणून कुणीतरी म्हणलं की फोडून टाका की पटकन. माझे वडील, आम्ही आण्णा म्हणतो, दाराशीच उभे होते. आयुष्य पॉवरलूमवर गेलंय त्यांचं, ऐकायला कमी येतं, पण हे त्यांना ऐकू गेलं. काही बोलले नाहीत, फक्त भिंतीला टेकले.

तेव्हा ती सिस्टर पहिल्यांदा दिसली. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, मास्क, निळे कपडे, पायात क्रॉक्स. तिनं आण्णांकडं बघितलं, मला विचारलं, "दादा, हे आजींचे मालक का?" मी हो म्हणलं. "मग वाढवायच्या नाहीत, थांबा." डॉक्टर नळीची तयारी करत होते, तोंडावर ऑक्सिजन जोरात चालू होता, त्या पाच-सात मिनिटांत तिनं सोनोग्राफीला लावतात तसलं जेल आईच्या हाताला चोळलं, अंगठ्याचं हाड आत दाबून एक एक बांगडी सरकवत काढली. बारातल्या अकरा निघाल्या. शेवटची एक वाढली. मग दाराशी येऊन तिनं माझ्या हातात गॉजची पुरचुंडी दिली, चिकटपट्टी लावलेली, वर मार्करनं बेड नंबर लिहिलेला आणि खाली "११ + १". वाढलेल्या बांगडीचे तुकडेसुद्धा टाकले नव्हते तिनं. म्हणाली, "सॉरी, एक राहिली नाही." माझ्या आईचा जीव जातोय की राहतोय अशा वेळी ही पोरगी मला एका बांगडीबद्दल सॉरी म्हणत होती.

ती पुरचुंडी आण्णांनी खिशात ठेवली ती तेरा दिवस काढली नाही.

पुढं आठ दिवस आई व्हेंटिलेटरवर. ज्यांनी आयसीयूच्या बाहेरचा पॅसेज बघितलाय त्यांना सांगायला नको. आपल्या सोलापुरात अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर, उमरगा, तिकडं कर्नाटकातल्या इंडी, विजापूर, गुलबर्ग्यापासून पेशंट येतात, रात्री सगळे खाली चादरी टाकून पडलेले असतात, दार वाजलं की सगळे एकदम उठून बसतात. मी तिथं जागा धरली ती दाराच्या काचेजवळची. त्यामुळं जे दिसलं ते सांगतो, ऐकीव नाही.

दर दोन तासांनी आईला कुशीवर वळवायचं. बेशुद्ध माणूस किती जड होतं ते उचलल्याशिवाय कळत नाही, आणि नळ्या किती, तोंडात एक, नाकात एक, मानेत एक, लघवीची एक, एकही ओढली जाता कामा नये. वॉर्डातली एक आयाबाई आणि ही, दोघी मिळून वळवायच्या, पाठ पुसायच्या, माकडहाडाजवळ हात फिरवून लाल झालंय का बघायच्या. नळीतनं कफ ओढायचा. तोंड आतून पुसायचं. तासातासाला लघवी किती झाली मोजून चार्टवर लिहायची. बीपीच्या औषधाचा पंप वाजला की संपायच्या आत दुसरी सिरिंज तयार पाहिजे, मध्ये अर्धा मिनिट खंड पडला तरी बीपी खाली. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या सिस्टर लोकांनी आपल्यातल्याच एका सिस्टरला, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं, ४२ वर्षं, ते पूर्वी पेपरात वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. आता रोज रात्री दोन वाजता काचेतून बघताना कळलं की त्या एका वाक्यात किती वेळा कूस बदलणं आहे. माझी आई १९ दिवस पडून होती, शुगरची पेशंट, पाठीला एक ओरखडा नाही.

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक पेशंट एक नर्स असा हिशोब असतो म्हणे. मी बघितलं त्या रात्री तिच्याकडं तीन होते, त्यातले दोन व्हेंटिलेटरवर. मी तिला तसं बोललोही, ती म्हणाली, "आज एकजण सुट्टीवर आहे दादा." तक्रारीचा सूर नव्हता. तिची शिफ्ट रात्री आठ ते सकाळी आठ. पहाटे तीनच्या पुढं कधीतरी डबा उघडायची, उभ्यानं चार घास, कान पंपाकडं. एके दिवशी सकाळी फार घाईत निघाली, मी विचारलं काय झालं तर म्हणाली, "आज आमच्याकडं पाणी येणाराय." सोलापूरकरांना बाकीचं सांगायला नको. बारा तास उभं राहून घरी जाऊन पिंपं भरायची, मग झोप.

आता एक माझ्या चुकीचं. चौथ्या दिवशी सकाळी झोपेचं औषध कमी करून बघत होते, ते रोज बघतात म्हणे, पेशंट स्वतः किती श्वास घेतो ते कळावं म्हणून. मी आत गेलो तर आईचे दोन्ही हात पट्टीनं पलंगाला बांधलेले. माझं डोकं फिरलं. जनावर आहे का ती, असं काहीतरी मोठ्यानं बोललो, जे बोलायला नको होतं तेही बोललो. सिस्टर शांत उभी राहिली, माझं संपू दिलं. मग म्हणाली, "दादा, ती नळी तोंडातनं श्वासनलिकेत गेलीय. झोपेतनं उठल्यावर कुणीपण पहिला हात तिथंच घालतं. उपसली तर घसा सुजलाय, परत घालेपर्यंत काय होईल सांगता येत नाही." आणि मग पट्टी सोडली. "तुम्ही आहात तोवर मोकळं ठेवते. पण हात तुम्ही धरायचा, अजिबात सोडायचा नाही." भेटायची वेळ पंधरा मिनिटं. त्या दिवसापासून रोज ती पंधरा मिनिटं मी आईचे दोन्ही हात धरून बसायचो. मी माफी मागितली, तर म्हणाली, आईला बांधलेलं बघून कुणाला बरं वाटेल.

दुसरी गोष्ट भाषेची. आईचं माहेर इंडी तालुक्यातलं. आमच्याशी मराठीत बोलते, बहिणीशी आणि देवाशी कानडीत. औषध कमी केलं की डॉक्टर म्हणायचे, आजी डोळे उघडा, आजी माझा हात दाबा. काही नाही. नळी काढायची तर पेशंटनं सांगितलेलं ऐकलं पाहिजे ना, त्यामुळं सगळे चिंतेत, मेंदूला काही झालंय का, सीटी करावा का. पाचव्या दिवशी माझी मावशी, आईची बहीण, आली इंडीवरून. तिनं आईच्या कानाशी जाऊन कानडीत हाक मारली आणि आईनं बोट हलवलं. सिस्टर बाजूलाच होती, तिनं ते बघितलं. मावशीला बाहेर घेऊन गेली, खिशातला पेन काढला आणि एकेक शब्द विचारून घेतला. दुसऱ्या दिवशी आईच्या पलंगाच्या वर कागद चिकटवलेला, देवनागरीत लिहिलेलं,

कण्ण तगी – डोळे उघड
कै हिडी – हात धर
नीरु – पाणी
नोवु – दुखतंय
अंजब्याड – भिऊ नको
"अव्वा म्हणायचं, आजी नाही."

शेवटची ओळ दुसऱ्या शिफ्टच्या सिस्टर लोकांसाठी होती. ती स्वतः माढ्याकडची, कानडीचा गंध नाही, उच्चार असे करायची की मावशीला त्या परिस्थितीतसुद्धा हसू यायचं. पण आईनं डोळे उघडले ते तिच्याच "कण्ण तगी अव्वा" वर. सीटी करावा लागला नाही.

मध्ये यात्रेतला अक्षता सोहळा आला, सिद्धरामेश्वरांच्या लग्नाचा. लग्न होऊन सोलापुरात आल्यापासून आईनं सिद्धरामेश्वरांच्या अक्षता चुकवल्या नाहीत, सम्मती कट्ट्याजवळ दोन तास आधी जाऊन जागा धरते. त्या दिवशी सगळं गाव पांढऱ्या बाराबंदीत रस्त्यावर, सातही नंदीध्वज निघालेले, आणि आम्ही पॅसेजमध्ये. माझ्या चुलतभावानं तिथून रेकॉर्डिंग पाठवलं. मोबाईल आत न्यायला परवानगी नाही, पण रात्री ड्युटीवर आल्यावर सिस्टरनं वरच्या सरांना विचारून दोन मिनिटांसाठी फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या कानाजवळ धरला. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" आयसीयूत हळू आवाजात. आईनं डोळे उघडले असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं काही झालं नाही, ती झोपेतच होती. सिस्टरनं मात्र दुसरा हात छातीला लावून मान खाली घातली होती.

त्याच रात्री पलीकडच्या बेडवरचा मुलगा गेला. विशीतला, अपघाताचा, गुलबर्ग्याकडचा. त्याचे वडील आमच्याच चादरीवर बसायचे. त्यांना लगेच आत नेलं नाही. पडदा ओढला होता, पण खालून सिस्टरचे क्रॉक्स दिसत होते, इकडून तिकडं जाताना. तिनं त्याचं तोंड पुसलं, रक्ताची चादर बदलून धुतलेली घातली, केस विंचरले, आणि मग वडिलांना बोलावलं. म्हणजे त्या माणसाला पोरगं शेवटचं दिसलं ते नीट दिसलं. मग हात धुऊन ती आईकडं आली आणि त्याच आवाजात म्हणाली, "अव्वा, कूस बदलूया." मला रडू आवरलं नाही.

१८ तारखेला आईची नळी निघाली. आम्हाला वाटलं जिंकलो, पण पुढचे तीन दिवस वेगळेच. आई भलतंच बोलायला लागली. छतावर मुंग्या आहेत, ही बाई मला विष देते, मला इंडीला न्या. सिस्टरच्या हाताला तिनं नखं मारली, रक्त आलं. मी घाबरलो, वेड लागलं की काय. सिस्टर म्हणाली, याला डेलिरियम म्हणतात, आयसीयूत दिवस-रात्र कळत नाही, इन्फेक्शन, औषधं, झोप नाही, खूप जणांना होतं, बहुतेकांचं उतरतं. मग तिनं मला घरून काय आणायला लावलं, तर आईचा चष्मा आणि भिंतीवरचं घड्याळ. चष्मा नसल्यामुळं छतावरचे ठिपके मुंग्या वाटत होते! घड्याळ समोर लावलं, दर वेळी सांगायची, अव्वा आज बुधवार, सकाळचे सात वाजलेत, तुम्ही दवाखान्यात आहात, अंजब्याड. नखं मारलेल्या हातावर पट्टी होती, त्याच हातानं आईच्या केसांचा गुंता सोडवला. बारा दिवसांत जटा झालेल्या, दुसऱ्या कुणी कापून टाका म्हणलं असतं. तिनं खोबरेल तेल मागवलं आणि दोन रात्री, काम संपलं की थोडं थोडं, असं करत सोडवून दोन वेण्या घातल्या. वॉर्डात हलवलं तेव्हा माझी आई स्ट्रेचरवर दोन वेण्या घालून बाहेर आली, शाळेतल्या मुलीसारखी, आणि आण्णा हसले. बारा-तेरा दिवसांत पहिल्यांदा.

निघताना आम्ही तिला साडी घेऊन गेलो, नवी पेठेतून चांगली आणली होती. घेतली नाही. पाकीट तर नाहीच. खूपच आग्रह केला तेव्हा म्हणाली, सगळ्याजणींसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणा, नाईटला होते. माझ्या बायकोनं पाच-सहा वेळा नेऊन दिली. आणि मी नाव छापायला विचारलं तर म्हणाली, "माझं एकटीचं नको दादा. मी नाईटला असायचे म्हणून तुम्हाला दिसले. दिवसाच्या सिस्टरनी पण तेवढंच केलंय. हॉस्पिटलचं पण नको." म्हणून दोन्ही लिहिलेलं नाही.

पण संपादक साहेब, तिचं म्हणणं खरं आहे म्हणूनच मला हे लिहायचंय. आयसीयूत पलंगाच्या पायथ्याशी मोठ्ठा चार्ट असतो, त्यावर तासातासाच्या नोंदी आणि प्रत्येक शिफ्टला सिस्टरची सही. म्हणजे कुणी केलं हे हॉस्पिटलला माहीत असतं. मग डिस्चार्ज कार्डावर चार डॉक्टरांच्या खाली दोन ओळी जास्त छापायला काय जातं? "शुश्रूषा" असं लिहून त्या सगळ्याजणींची नावं. जिची इच्छा नसेल तिचं वगळा. माझी सोलापुरातल्या सगळ्या हॉस्पिटलना, सरकारी आणि खाजगी, हीच विनंती आहे, पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही.

आपल्या गावानं डॉ. द्वारकानाथ कोटणीस दिले, १९१० साली इथं जन्मले, चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ मध्ये गेले, शाळेत प्रत्येकाला शिकवलंय आणि अभिमान आहेच. पण त्यांची पत्नी क्वो छिंगलान नर्स होत्या, त्याच युद्धात काम करत होत्या, हे मला या वयात कळलं. कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि पगाराचं. जानेवारी २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितल्यावर केंद्रानं समिती नेमली, तिनं शिफारस केली की ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी हॉस्पिटलातसुद्धा नर्सला महिना २० हजारांच्या खाली पगार नको आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतकाच द्यावा. ही गोष्ट होऊन इतकी वर्षं झाली. सिस्टरचा पगार मी विचारला नाही, विचारणं बरं दिसलं नसतं. पण तुमच्या वार्ताहरांनी शहरातल्या दहा हॉस्पिटलात जाऊन विचारावं आणि जे मिळेल ते छापावं, ही दुसरी विनंती.

आई आता बरी आहे. दम लागतो अजून, पण या ४३ डिग्रीत सकाळी तुळशीला पाणी घालते. आयसीयूतलं तिला काहीच आठवत नाही, आम्ही सांगतो ते दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं ऐकते. एकच आठवतं, कुणीतरी चुकीच्या कानडीत अंजब्याड म्हणत होतं. रथसप्तमीला ती वाण घेऊन हॉस्पिटलात गेली होती, तिळगूळ आणि वाटी, पण सिस्टर नाईट करून घरी गेलेली, बाकीच्यांकडं देऊन आली. म्हणजे शुद्धीवर असताना आईनं तिला अजून नीट बघितलेलंच नाही.

म्हणून शेवटचं सिस्टरलाच. ताई, तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही, वाचलं तर पाण्याचा दिवस सोडून कधीही घरी या, पत्ता फाईलवर आहे. अकरा बांगड्या अव्वानं परत भरल्यात, बारावीची जागा मोकळी ठेवलीय. ती म्हणते, बारावी मी त्या पोरीच्याच हातानं भरून घेणार.

आपला नम्र,
एक वाचक, जुळे सोलापूर